चितारआळीचे आश्रयदाते

परगावी गेलेल्या माणसाने परतताना त्या गावची खूण म्हणून काहीतरी हाती घेऊन यावे, ही आपली रीत तीर्थयात्रेइतकी जुनी आहे. पंढरीहून येणारा वारकरी बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची माळ आणतो, जेजुरीहून येणाऱ्याच्या पुडीत भंडारा असतो, काशीहून येणारा गंगेचा मोहोरबंद गडू जिवापाड जपून आणतो. आणि या वस्तूंचे मोल बाजारभावाने कोणी करीत नाही, कारण त्यांच्यामागे त्या स्थानाचे माहात्म्य उभे असते. ज्या गावाला असे माहात्म्य लाभलेले नाही, त्या गावाला आपली ओळख सांगणारी वस्तू आयती मिळत नाही. ती घडवावी लागते, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते, प्रसंगी मोडकळीला आली असता पुन्हा उभी करावी लागते. आणि या कामी कारागिराच्या हाताइतकाच त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांचाही वाटा असतो. दक्षिण कोकणातील सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेली खेळाची गोल पाने, आणि तेथील लाकडी खेळणी यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण एकाच आळीत, एकाच जमातीच्या हातून घडलेल्या या दोन वस्तूंना आश्रय देणारे लोक निरनिराळे होते, आणि म्हणून त्यांचे दैवही निरनिराळे ठरले.

आंबोलीचा घाट उतरून खाली आले म्हणजे लागणारी सावंतवाडी, जुन्या कागदपत्रांतील सुंदरवाडी, ही सावंत-भोसल्यांच्या संस्थानची राजधानी. पश्चिमेस वेंगुर्ल्याचे बंदर, दक्षिणेस पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोमंतक, पूर्वेस घाटमाथ्यावर करवीरकरांचा मुलूख, अशा अडचणीच्या जागी हे लहानसे राज्य दीर्घकाळ तग धरून राहिले. त्यातल्या त्यात तिसरे खेम सावंत यांची 1755 पासून 1803 पर्यंतची कारकीर्द सर्वांत दीर्घ आणि सर्वांत धामधुमीची. जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई ही त्यांची राणी. शिंद्यांच्या या आप्तसंबंधामुळे 1763 मध्ये त्यांना दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब मिळाला, आणि त्या किताबाने शेजाऱ्यांचा मत्सरही ओढवून आणला. एकीकडे करवीरकर, दुसरीकडे पोर्तुगीज, असे दोन्ही बाजूंनी शह बसत असताना याच राजाच्या काळात राजवाड्याची वास्तू उभी राहिली, आणि तेलंगणातून आलेल्या विद्वानांच्या तोंडून गंजिफांचे वर्णन ऐकून त्याने त्या आपल्या राज्यात करवून घेतल्या, असे तेथील परंपरा सांगते. रथ, पालख्या, देव्हारे, लग्नाचे पाट, पाळणे रंगविण्याचे काम करणारी चितारी मंडळी दरबारच्या छत्राखाली वसलेली होतीच. त्यांच्या कुंचल्याला हे नवे काम मिळाले.

गंजिफांचा प्रवास मोठा लांबचा आहे. बाबराने 1527 मध्ये सिंधमधील शहा हसन याच्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फझलाने अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, एकशे चव्वेचाळीस पानांच्या गंजिफेचे वर्णन ‘ऐन-ई-अकबरी’त केले आहे. पुढे रूढ झालेली मोगली गंजिफा आठ रंगांची, शहाण्णव पानांची. दक्षिणेत आणि पूर्वेकडे या खेळाने वैष्णव रूप धारण केले. ताज, शमशेर, गुलाम या रंगांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह आदी दहा अवतार आले, प्रत्येक अवताराचा राजा, त्याचा प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, अशी बारांची दहा कुळे मिळून एकशे वीस पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. ज्या मुलखात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी नाटक उभे राहिल्यावाचून जत्रा पुरी होत नाही, त्या मुलखात या गंजिफेने घर करावे यात नवल नाही. नाटकात संकासुराची फजिती पाहून हसलेला प्रेक्षक आणि दुपारी ओसरीवर मत्स्याचा राजा टाकणारा खेळगडी हा एकच माणूस होता.

या पानांची घडण कशी होत असे, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढील इतिहासाचे मर्म कळणार नाही. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून पुठ्ठा करीत, त्यावर खडूचा लेप देऊन तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटीत, मग त्यातून तळहातावर मावतील अशा गोल चकत्या कापून काढीत. प्रत्येक कुळाची जमीन वेगळ्या रंगाची. त्या जमिनीवर बारीक कुंचल्याने एक्क्याच्या पानावर एक मासा, दुरीवर दोन, अशा खुणा भरीत दश्शीच्या त्या इवल्याशा वर्तुळात दहा मासे एकमेकांच्या अंगावर न येता बसवावयाचे, आणि राजाच्या पानावर अवताराची मूर्ती तिच्या आयुधांसह उभी करावयाची. शेवटी लाखेच्या रोगणाचा हात फिरला म्हणजे पान घामाने न डागणारे, बोटांतून सहज सरकणारे होई. ज्यांच्या कडेला वेलबुट्टीची किनार असे ती दरबारी कलमाची गंजिफा, आणि ज्यांना किनार नसे, काम जलद व सुटसुटीत असे, ती बाजारी कलमाची. दरबारी गंजिफा वाड्यात आणि सरदारांच्या घरी जाई, बाजारी गंजिफा सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर. आणि एकाच आळीत दोन्ही होत असल्यामुळे नवशिक्या मुलाचा हात बाजारी पानांवर बसे आणि हात बसला म्हणजे त्याच्यापुढे दरबारी काम येई. कारागिरीची ही शाळा चालविण्यास वेगळे विद्यालय लागत नव्हते.

परंतु या कामाचा खरा परीक्षक दरबार नव्हता, खेळणारा होता. साधारणतः तिघे जण बसत आणि प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येत. अर्ध्या कुळांत दश्शी वरचढ तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ, दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो खेळी सुरू करणार, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेला, आणि कोणती पाने पडून गेली हे शेवटपर्यंत स्मरणात ठेवल्यावाचून जिंकण्याची आशा नाही, असा हा बुद्धीला ताण देणारा खेळ. चाळीस पाने हाती पंख्यासारखी धरून बसलेल्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कूर्म कोणता आणि वराह कोणता हे ओळखू यावे लागे. म्हणून जमिनीचा रंग सर्व बारा पानांवर एकसारखा हवा. एखाद्या पानाच्या पाठीवर रोगणाचा थेंब जाड राहिला किंवा कड किंचित तिरपी कापली गेली, तर ते पान पाठीकडूनही ओळखू येई आणि सबंध गंजिफा खेळाला निरुपयोगी ठरे. असे काम चिताऱ्याकडे परत येत असणार, त्याला त्याबद्दल चार शब्द ऐकावे लागत असणार. आणि त्या धाकानेच त्याचा हात नेमका राहिला. वापरणाऱ्याची ही कडक नजर कोणत्याही कलेची मोठी राखणदार असते, एवढे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात दरबार आणि खेळगडी हे दोन्ही आधार खचले. 1819 मध्ये संस्थानने इंग्रजांशी तह केला, आणि 1838 पासून कारभार त्यांच्या पोलिटिकल सुपरिंटेंडेंटाच्या हाती गेला. तो पुढे 1924 मध्ये संस्थानचे राजे बापूसाहेब महाराज यांना पूर्ण अधिकार मिळेपर्यंत तसाच राहिला. इंग्रज अधिकाऱ्यांनी सावंतवाडीच्या कारागिरीची आपुलकीने दखल घेतली. वाळ्याच्या पंख्यांवर व पेट्यांवर जरीच्या धाग्याने आणि हिरव्या झळझळीत भुंग्यांच्या पंखांनी केलेले भरतकाम, गव्याच्या शिंगांच्या वस्तू, लाखेची खेळणी, गंजिफा, या सर्वांची नोंद त्यांच्या दप्तरांत आढळते; पण नोंद होणे म्हणजे मागणी राहणे नव्हे. विलायतेहून यंत्रावर छापलेले बावन्न पत्ते कवडीमोलाने गावोगावच्या दुकानांत येऊ लागले, त्यांचे खेळही सोपे आणि झटपट उरकणारे होते, आणि एकशे वीस पानांचा डाव जाणणारी माणसे एकेक करून कमी होत गेली. खेळणारा गेला तसा परीक्षकही गेला. घरोघरच्या गंजिफा लाकडी डब्यांत बंद होऊन माळ्यावर गेल्या, आणि चितारआळीतील मुलांना त्या कशा करावयाच्या हे शिकविण्याचे कोणाला कारण उरले नाही.

लाकडी खेळण्यांची कथा मात्र अगदी वेगळ्या वाटेने गेली. पांगारा हे कोकणातील झाड वईला, मिरीच्या वेलाच्या आधाराला लावले जाते. अंगाला काटे, वसंतात निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुले, आणि लाकूड इतके हलके व मऊ की इमारतीला त्याचा उपयोग नाही. याच निरुपयोगी म्हणून गणलेल्या लाकडातून चिताऱ्यांनी आंबा, काजूचे बोंड, केळ्यांची फणी, सीताफळ, वांगे, मिरची, भोपळा, अशी सबंध परडी उभी केली. लाकूड तासून, घासून, त्याचे तंतू लेपाखाली बुजवून, त्यावर रंगाचे हात देत देत आंब्याच्या देठाकडची हिरवी छटा पिवळ्यात कोठे विरते आणि पिवळा गालाकडे लाल कोठे होतो, हे ज्या हाताला साधले तो हात साधा नव्हे. गणेशचतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधून तीत रानातली आणि परसातली खरी फळे टांगणारे हे लोक. त्यांच्या पोरालाही कोवळी काकडी आणि जून काकडी यांतला भेद डोळ्यांनी कळतो. अशा पारखी गिऱ्हाइकापुढे खोटे फळ मांडणाऱ्याला खऱ्याच्या जवळ गेल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि हे गिऱ्हाईक दरबारसारखे एका वाड्यात बसलेले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत पोटासाठी गेलेला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी येई, आणि पुन्हा निघताना, पूर्वी वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून आगबोटीने आणि पुढे मोटारीने, पडवळांची-फणसांची ओझी बांधता बांधता चाळीतल्या पोरांसाठी एक बैलगाडी, एक भातुकलीचा संच किंवा फळांची परडी घेतल्यावाचून त्याचा पाय निघत नसे. परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीच्या फळीवर ठेवलेली ती लाकडी केळी पाहून शेजारी विचारी, आणि ती कोठली हे सांगताना घरधन्याला आपल्या गावाचे नाव घ्यावयास मिळे. प्रवासाची आठवण म्हणून वस्तू विकण्याची कल्पना पर्यटनाच्या खात्यांना सुचण्यापूर्वी कितीतरी आधी, कोणत्याही योजनेवाचून, सावंतवाडीच्या खेळण्याला हे स्थान चाकरमान्याच्या मायेने मिळवून दिले होते. संस्थान खालसा होवो वा राहो, त्या खेळण्याचा आश्रयदाता दरवर्षी सणाला हजर होता. म्हणून दरबाराच्या अस्ताबरोबर गंजिफा अस्तंगत झाली तशी खेळणी झाली नाहीत.

1948 मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. शेवटचे अधिपती शिवरामराजे भोसले हे त्या वेळी ऐन विशीतले तरुण. सत्ता गेल्यावर जनतेने त्यांना विधानसभेवर अनेकदा पाठविले. पण त्यांची जी कृती गावाला चिरकाल पुरेल अशी ठरली ती राजकारणाबाहेरची आहे. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणीसाहेब सत्वशीलादेवी आणि ते स्वतः, या दांपत्याला आपल्याच वाड्यात पिढीजात असलेली कला आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत असल्याचे जाणवले, तेव्हा गंजिफा करण्याची समग्र कृती जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर जवळजवळ एकटेच उरले होते. एका माणसाच्या स्मृतीत शिल्लक राहिलेले शास्त्र त्याच्याबरोबर जाऊ द्यावयाचे की त्याच्या हयातीत दुसऱ्या हातांत उतरवून घ्यावयाचे, असा हा प्रश्न होता. राजदांपत्याने स्वतः शिष्यत्व पत्करले. लेप, घोटणी, रंग, रोगण हे सारे आपल्या हाताने शिकून घेतले, आणि 1970 नंतरच्या वर्षांत राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना उघडून चिताऱ्यांच्या व अन्य घरांतील तरुण मुलामुलींना तेथे कामास बसविले. ज्या दरबारात एके काळी मुजरे होत त्याच दालनात आज मांडीवर पाट घेऊन कारागीर मत्स्यकूर्मांच्या खुणा रंगवीत बसलेले असतात, आणि आलेल्या पाहुण्याला ते काम जवळ उभे राहून पाहता येते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ज्या संस्थानिकांनी जुन्या वैभवाची स्मारके काचेच्या कपाटांत ठेवून तिकिटे लावली, त्यांच्याहून या उभयतांची दृष्टी मूलतः भिन्न होती. गंजिफा पुन्हा करावयाच्या तर त्या विकल्या गेल्या पाहिजेत, आणि खेळणारे तर उरलेले नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून दशावतारी संच जुन्या शास्त्राप्रमाणे करवितानाच त्याच शैलीत बावन्न पत्त्यांचे संच, त्याच वेलबुट्टीच्या पेट्या, तबके, बुद्धिबळाच्या सोंगट्या, चौरंग आणि खुर्च्या, असा विस्तार झाला. संपूर्ण गंजिफेचे मोल न झेपणाऱ्या प्रवाशालाही त्या कलेचा एखादा तुकडा घरी नेता यावा, आणि कारागिराच्या हाताला वर्षभर काम राहावे, असा दुहेरी हेतू त्यात साधला. याच सुमारास जगातील संग्राहकांचे आणि अभ्यासकांचेही लक्ष या विषयाकडे वेधले होते. जर्मनीहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ व्हॉन लायडन यांनी हिंदुस्थानभरच्या गंजिफा जमविल्या, आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा जाणत्या लोकांची मागणी ही केवळ पैशाची मदत नसते. कोणत्या कुळाची कोणती खूण, राजाचे वाहन कोणते, किनार कोणत्या काळची, असे प्रश्न विचारणारा ग्राहक जुन्या खेळगड्याची रिकामी झालेली जागा काही अंशी भरून काढतो.

ही गोष्ट सावंतवाडीपुरती नाही. ओरिसात रघुराजपूर आणि पुरीच्या परिसरातील पटचित्रे मोडकळीला आली असता 1950 नंतरच्या दशकात हालिना झीली या विदेशी बाईंनी चित्रकारांच्या घरोघर जाऊन, चांगल्या कामाची निवड करून, त्याला बाहेरचा ग्राहक मिळवून दिला. आपल्याकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांची लग्नचौकाची चित्रे भिंतीवरून कागदावर आली ती 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने; गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाती त्यांनी कागद दिला, आणि एका आदिवासी पाड्याची लेखनपद्धती जगाच्या दालनांत जाऊन बसली. या तिन्ही उदाहरणांत साहाय्यकर्त्याने कारागिराला काय काढावयाचे हे शिकविले नाही. ते त्याला येतच होते. साहाय्यकर्त्याने काम पुरविले, बरे आणि वाईट यांची निवड केली, आणि निवडलेल्याचा योग्य दाम मिळवून दिला. स्थानिक वस्तू उभी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे तीन व्यवहार नीट समजून घ्यावेत. त्यांपैकी पहिला आणि तिसरा पुष्कळ लोक उत्साहाने करतात. दुसऱ्याला कठोरपणा लागतो, म्हणून तो टाळला जातो.

आणि तो टाळला की काय होते, तेही चितारआळीनेच पाहिले आहे. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावू लागली, गोव्याला जाणाऱ्या प्रवाशांचा ओघ वाढला. पण पुढे महामार्गाला झाराप-पत्रादेवीचा वळणरस्ता मिळाल्यावर तोच ओघ गावातल्या मोती तलावाच्या काठी न थांबता बाहेरून निघून जाऊ लागला. जो थांबतो तो अर्ध्या तासाचा पाहुणा. त्याने माटवी कधी बांधलेली नसते, गंजिफेचा डाव मांडलेला नसतो. काजूचे बोंड झाडाला कसे लागते हेही पुष्कळांनी पाहिलेले नसते. तो पुन्हा येणार नाही हे दुकानदाराला ठाऊक असते आणि वस्तू सदोष निघाली तरी तो ती परत आणणार नाही हे कारागिरालाही. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे फळ त्याच दुकानात निम्म्या किमतीला शेजारी लटकत असले, की पांगाऱ्याच्या आंब्यावर रंगाचा तिसरा हात देण्यात चिताऱ्याला कोणते समाधान उरणार? कारागिराच्या नीतीला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्याच्या कामाची परीक्षा घेणारा कोणी राहिला नाही, त्याने केवळ स्वतःच्या अंतःकरणाच्या साक्षीवर आयुष्यभर उत्तम काम करीत राहावे, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याचा आनंद वाटतो. त्या नावाचा बाहेरच्या कोणी गैरवापर केला तर आता कायद्याचा आधार आहे. पण मानांकन ही वस्तूच्या कुळाची सनद आहे, तिच्या गुणाची नव्हे. गुण दर नगाला नव्याने सिद्ध करावा लागतो. म्हणून ज्यांना या गावाविषयी आस्था आहे, त्यांनी जुन्या दरबारी आणि बाजारी कलमांची ती सुज्ञ व्यवस्था पुन्हा ध्यानात घ्यावी. दोन्ही प्रकारची कामे राहू द्यावीत, परंतु त्यांची नावे आणि दाम उघडपणे वेगळे असावेत, म्हणजे स्वस्त काम उत्तमाच्या नावाने विकले जाणार नाही आणि शिकाऊ हाताला आपल्यापुढची पायरी दिसत राहील. शाळांतून मुलांना गंजिफांचा डाव शिकवावा. एकशे वीस पाने ध्यानात ठेवणाऱ्या मुलांच्या बुद्धीचे त्यात कल्याण आहे, आणि चिताऱ्याला त्यातून पुन्हा खेळगडी मिळतील. वईंवरचा पांगारा तोडून सिमेंटचे खांब पुरण्याची जी टूम निघाली आहे, तीत आपल्या आंब्या-काजूंच्या परडीचे मूळ उखडले जात आहे, हे बागाईतदारांनीही ओळखावे.

आणि विकत घेणाऱ्या आपणांवरही एक कर्तव्य येते. सावंतवाडीला गेल्यावर पहिल्या दुकानातून पहिली परडी उचलून निघू नये. कोणत्या लाकडाचे, कोणी केलेले, रंग कसला, हे विचारावे. फळ हातात घेऊन त्याचे वजन पाहावे, देठाकडची छटा निरखावी, गंजिफेची बारा पाने ओळीने मांडून त्यांच्या जमिनीचा रंग जुळतो की नाही ते पाहावे, जे उणे असेल ते सभ्यपणे परत ठेवावे आणि जे उत्तम असेल त्याची सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्यावी. खेम सावंतांच्या कारकिर्दीत हे काम दरबाराने आणि खेळगड्याने केले, गिरणगावातल्या चाकरमान्याने आपल्या परीने केले, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी ते स्वतः कुंचला हाती धरून केले. आज दरबार नाही, आगबोट नाही; परंतु पारख करण्याचे कष्ट घेणारा माणूस आजही त्या आळीचा आश्रयदाता होऊ शकतो, आणि असे आश्रयदाते जितके वाढतील तितकी वर्षे त्या आळीतले काम आपल्या नावाला जागत राहील.